ओंडके-ओढाई (डोंगराळ मालकी रानातील)

डोंगराळ मालकी रानात तोडलेल्या झाडांचे ओंडके गाडीरस्त्यापर्यंत आणण्याचे काम. सह्याद्रीच्या कोकणउतारावर साग, ऐन, किंजळ यांच्या फांद्या छाटून, खोड मापात कापून ते खांद्यावर किंवा दोराने ओढून आणतात. ओढताना ओंडक्याचे पुढचे टोक उचललेले हवे. ते मातीत रुतले तर चर पडतो आणि पावसात त्याच चराचा ओहोळ होऊन माती वाहून जाते. डोंगराचे हे नुकसान लाकडाच्या किमतीने भरून निघत नाही. सुटलेला ओंडका जीवघेणा असतो, म्हणून त्याच्या खालच्या बाजूस कोणीही उभे राहू नये. महाराष्ट्रात मालकीच्या जमिनीवरील अनेक जातींच्या तोडीस १९६४ चा वृक्षतोड अधिनियम लागू असून अशा लाकडाच्या वाहतुकीस वनखात्याचा परवाना लागतो.