सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

भारतीय राग इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर सादर करणारी दीर्घध्वनिमुद्रिका. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी ती १९८२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित केली. तीत भैरवी, यमन, मालकंस इ. दहा राग डिस्को ठेक्यावर वाजविलेले आहेत. त्यांसाठी जपानच्या रोलँड कंपनीचा ‘ज्युपिटर–८’ हा सिंथेसायझर, ‘टीआर–८०८’ हे तालयंत्र व ‘टीबी–३०३’ हे मंद्र स्वरांच्या साथीचे यंत्र वापरले आहे. या साथयंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने मींडेचा आभास साधतो.

ध्वनिमुद्रिकेला त्या वेळी अल्प प्रतिसाद मिळाला. डिस्कोची लाट ओसरली आणि ‘टीबी–३०३’चे उत्पादनही १९८४ पर्यंत बंद पडले. पुढे हेच यंत्र शिकागोतील तरुणांनी वापरले व ‘फ्यूचर’ या गटाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ (१९८७) या रचनेपासून ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीतप्रकार रूढ झाला. त्यामुळे २०१० मध्ये सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जाणकारांना तीत या प्रकाराची पूर्वचिन्हे आढळली. काहींना तर ती बनावट वाटली. तथापि शिकागोतील संगीतकारांना ती माहीत असल्याचा पुरावा नाही. दोहोंतील साम्य मुख्यतः समान यंत्रामुळे आले आहे.

यंत्र कालबाह्य झाले, की त्याचा ध्वनी जुना वाटतो. ते पुन्हा प्रचारात येताच तोच ध्वनी नवा भासतो. रागांची बैठक मात्र या चढउतारांपासून अलिप्त राहिली. सिंग यांना उतारवयात यूरोपात जाहीर वादनाची संधी लाभली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.