निनावी मानचिन्हे

युरोपातील सरदारी संप्रदायांची जुनी मानचिन्हे जमविणारे संग्राहक पुष्कळ आहेत. त्याच परंपरेच्या नमुन्यावर ब्रिटिशांनी हिंदुस्थानासाठी 'स्टार ऑफ इंडिया' (१८६१) आणि 'इंडियन एम्पायर' (१८७८) हे दोन संप्रदाय स्थापिले. पहिल्याच्या पदकात ऑनिक्समध्ये कोरलेली व्हिक्टोरिया राणीची मुद्रा होती, तर दुसऱ्याचे पदक म्हणजे तांबड्या मिन्याचा गुलाब. या गुलाबाच्या आरंभीच्या नमुन्यात पाकळ्यांवर 'इंडिया' ही अक्षरे होती; पुढे ती गेली. संग्राहक यावरून पदकाचा काळ ठरवितात.

काळ ठरतो, माणूस मात्र ठरत नाही. या चिन्हांवर धारकाचे नाव सहसा कोरलेले नसे. सोबतचे पत्र हरवले की पदक पुष्पिका गळालेल्या पोथीसारखे होते: कारागिरी शाबूत, धनी अज्ञात.

'सी. आय. ई.' हा किताब न्या. रानडे यांना १८८७ मध्ये आणि गोपाळ कृष्ण गोखले यांना १९०४ मध्ये मिळाला. त्याच संप्रदायातील वरचा, 'सर' म्हणविणारा दर्जा गोखल्यांनी १९१४ मध्ये नाकारला. हा नकार कोणत्याही मखमली पेटीत सापडणार नाही. तो चरित्रांत आणि पत्रव्यवहारांतच शोधावा लागतो. केवळ वस्तूंवरून इतिहास लिहिला, तर स्वीकार तेवढे दिसतील.

राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताबांची प्रथा संपविली, आणि ही चिन्हे निव्वळ पुरावा म्हणून उरली. त्या पुराव्याला नकाराचा कागद जोडणे हे, आमच्या मते, साहित्याच्या अभ्यासकाचेही काम आहे.