काय हवं ते सांगा, वाट यंत्र शोधील

मंडळी, तलाठ्याचं कागदी दप्तर आपण पाहिलेलं आहे. जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव, गावात गट. गट ठाऊक असला की काम चटकन होई. पण एका माणसाची चार गावांतली जमीन मिळून किती, असं विचारलंत की चार दप्तरं धुंडाळणं आलं.

1960 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या संगणकांचंही असंच होतं. माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली. कोणत्या फांदीवरून कुठं जायचं, ते आज्ञावली लिहिणारानं पावलापावलानं सांगायचं. रचना बदलली, की आज्ञावली दुरुस्त करत बसा!

एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे, गणित शिकलेले, महायुद्धात विमान चालवलेले. कॅलिफोर्नियात सॅन होझे इथं आयबीएम कंपनीत असताना 1970 साली त्यांनी एक निबंध छापला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, असं त्यांचं म्हणणं. दोन तक्ते जोडायचे ते दोन्हींकडे असलेल्या सारख्या मजकुरावरून; सातबारा नि आठ-अ खाते क्रमांकावरून जुळतात ना, तसे. विचारणारानं काय हवं तेवढंच सांगावं, वाट यंत्रानं शोधावी.

पण कॉड यांची मांडणी गणिती चिन्हांची; ती वाचणार कोण? म्हणून तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 साली साध्या इंग्रजी शब्दांची 'सीक्वेल' भाषा मांडली. सिलेक्ट म्हणजे निवडा, फ्रॉम म्हणजे अमक्या तक्त्यातून, व्हेअर म्हणजे जिथं अमुक अट लागू आहे. बॉइस त्याच वर्षी, ऐन तरुणपणी वारले. पुढं सीक्वेल या नावावर एका इंग्रज विमान कंपनीचा हक्क निघाला, नि नाव आखडून 'एसक्यूएल' झालं.

कंपनीचं जुनं, फांद्यांचं तंत्र चांगलं खपत होतं. तिला घाई कसली? 1979 साली एका लहान कंपनीनं ही भाषा आधी बाजारात आणली. तीच पुढं ओरॅकल झाली. 1986 साली भाषेला अमेरिकेत प्रमाण रूप मिळालं. कॉड यांना स्वतःला मात्र ती पुरती पटली नाही. एकच ओळ दोनदा येऊ देते, ही त्यांची एक तक्रार. आणि गणित्याला ती खुपणारच.

आज्ञावली न शिकलेल्या माणसालाही प्रश्न विचारता यावा, ही चेंबरलिन-बॉइस यांची आशा होती. माझ्या मते ती अर्धीच फळली. भाषा जगभर गेली, पण जाणकारांच्या हाती राहिली. आपल्यापुढं येतात त्या भरायच्या चौकटी. मागचा प्रश्न कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला. संगणकावर सातबारा पाहायला जा: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. चार गावांतली जमीन एकदम विचारायला तिथं चौकट नाही.