उंदराची वर्णमाला

गुणसूत्रावर कोणतं जनुक कोणाच्या शेजारी बसलंय हे शोधणं म्हणजे जमिनीची मोजणी करण्यासारखं काम. साखळी धरा, हद्द लिहा, पुढे चला. कोणालाही कंटाळवाणंच वाटेल. पण अशाच एका मोजणीतून केवढी गोष्ट हाती लागली ते सांगतो.

सुरुवात फळमाशीपासून झाली. अमेरिकेतल्या एडवर्ड लुईस यांनी १९७८ साली दाखवलं, की माशीच्या शरीराचा कोणता भाग काय बनावा हे ठरवणारी काही जनुकं एका ओळीत आहेत, आणि ज्या क्रमाने ती बसली आहेत त्याच क्रमाने शरीराचे ते भाग पुढून मागे येतात. १९८४ साली या जनुकांमध्ये १८० अक्षरांचा जवळपास सारखा तुकडा सापडला. तो खूण म्हणून वापरल्यावर तशीच जनुकं उंदरातही मिळाली!

मग मोजणी सुरू झाली. उंदराच्या २, ६, ११ आणि १५ क्रमांकांच्या गुणसूत्रांवर या ‘हॉक्स’ जनुकांच्या चार रांगा निघाल्या. आज त्यांत एकूण ३९ जनुकं मोजली जातात. १९८९ साली ड्यूबूल व दोले यांनी, आणि लंडनमध्ये ग्रॅहॅम, पापालोपुलु व क्रमलॉफ यांनी या नकाशाशेजारी उंदराचा गर्भ ठेवून पाहिला. रांगेच्या एका टोकाचं जनुक मेंदूच्या मागच्या भागापासून कामाला लागतं, त्याच्या पुढचं जरा खालून, आणि दुसऱ्या टोकाची पार शेपटीकडे. शिवाय हा क्रम माशीच्या क्रमाशी जुळला. माशी आणि उंदीर यांचे पूर्वज वेगळे होऊन पन्नास कोटींहून अधिक वर्षं लोटली आहेत!

मला इथे आपली वर्णमाला आठवते. क, च, ट, त, प असं सावकाश म्हणून पाहा. आवाज कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दात असं करत ओठांशी येतो. अक्षरांचा क्रम तोच तोंडातल्या जागांचा क्रम. फरक एवढाच, की वर्णमाला माणसांनी विचार करून लावली. हॉक्सची रांग कोणी लावली नाही. एका जनुकाच्या प्रती होत ती लांबली, पुढे आख्खी रांगच दोनदा दुणावली आणि चार रांगा झाल्या. काही जनुकं मधल्या काळात गळालीही.

या रांगेतलं एक अक्षर पुसलं तर काय होतं? १९९२ साली एक हॉक्स जनुक निकामी केलेल्या उंदरांत कमरेच्या पहिल्या मणक्याला बरगड्या फुटल्या. बरगड्या नकोत तिथे बरगड्या! माणसातही ही जनुकं ३९च आहेत. त्यांतल्या एकातल्या दोषामुळे काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या जोडलेली किंवा जादा बोटं घेऊन मुलं जन्मतात, हे १९९६ साली उलगडलं. अशा बाळाच्या आईला शेजारपाजारचे ग्रहणात काय चिरलंस म्हणून विचारत आले आहेत. तिचा काही दोष नव्हता, हे ठामपणे सांगता येतं ते या मोजणीमुळे. एवढ्यासाठी तरी ती मोजणी मला मोलाची वाटते.