वचन म्हणजे काय? सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची स्वतःशी बोलण्याची रीत

सोलापूरकराला सिद्धरामेश्वर कोण हे सांगावं लागत नाही. तळं, तळ्यातलं मंदिर, शहरातली ६८ लिंगं, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत निघणारे सात नंदीध्वज हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण आपलं ग्रामदैवत कवीही होतं, हे अनेकांच्या लक्षात नसतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची कन्नडमधली हजाराहून जास्त वचनं आज उपलब्ध आहेत. त्यांत देवाची स्तुती आहे, तशीच स्वतःची झडतीही आहे.

आज याला कुणी 'जर्नलिंग' म्हणेल. ते फारसं चूक नाही, पण एक महत्त्वाचा फरक आहे. त्याआधी एक गोष्ट.

तळ्यावर काय घडलं?

सोलापूरचं तेव्हाचं नाव सोन्नलिगे. श्रीशैलहून परतलेल्या तरुण सिद्धरामांनी इथे मंदिर उभारायला आणि तळं खोदायला घेतलं. शेकडो हात कामाला लागले. अशात तिथे अल्लमप्रभू आले आणि मातीकाम करणाऱ्याला हाक मारावी तशी त्यांनी सिद्धरामांना एकेरीत हाक मारली. चिडलेल्या कामकऱ्यांनी त्यांच्यावर दगड फेकले. सिद्धरामही संतापून धावून आले. पुढे दोघांत जो संवाद झाला, त्याचा आशय असा: लोकांसाठी पाणी साठवतो आहेस हे ठीक, पण हे सगळं करणारा तुझ्यातला 'मी' अजून जागच्या जागी उभा आहे, त्याचं काय?

ही कथा 'शून्यसंपादने' या पंधराव्या शतकातल्या कन्नड ग्रंथात येते, म्हणजे घटनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी. त्यामुळे ती इतिहास म्हणून नव्हे, कथा म्हणूनच वाचायची. परंपरा सांगते की नंतर सिद्धराम अल्लमप्रभूंसोबत कल्याणला (आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण) गेले. तिथे त्यांनी चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली आणि पुढे अनुभव मंटपाच्या शून्यपीठावरही ते बसले.

मला या कथेत सगळ्यात जास्त भिडतं ते हे, की इथे प्रश्न कुणा पापी माणसाला विचारलेला नाही. तो चांगलं काम करणाऱ्याला विचारलेला आहे. बायोमध्ये लिहिण्यासारखं सगळं आहे, तरी रात्री दिवा मालवल्यावर काहीतरी टोचतंय, अशांचा हा प्रश्न आहे.

वचन कसं असतं?

वचन म्हणजे 'बोललेलं', आणि 'दिलेला शब्द'सुद्धा. ते छंदात बांधलेलं नसतं. बहुतेक वचनं चार-आठ ओळींची, बोलीच्या जवळची आणि रोजच्या कामातल्या प्रतिमांची. ती लिहिणाऱ्यांत मडिवाळ माचय्या परीट होते, अंबिगर चौडय्या नावाडी होते, आयदक्की लक्कम्मा पती मारय्यांसोबत सांडलेले तांदूळ वेचून गुजराण करायच्या. आद्य वचनकारांपैकी एक मानले जाणारे जेडर दासिमय्या तर विणकर. मागावर वाढलेल्या सोलापूरला हे नाव जवळचं वाटायला हवं.

आता तो फरक. प्रत्येक वचनाच्या शेवटी एक नाव येतं, त्याला 'अंकित' म्हणतात. बसवण्णांचं अंकित कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींचं चन्नमल्लिकार्जुन, सिद्धरामेश्वरांचं कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. ही कवीची सही तर आहेच, पण बहुतेकदा ते ज्याच्याशी बोलणं चाललंय त्याचंही नाव असतं, आणि त्या 'त्याला' फसवता येत नाही. शेवटच्या ओळीत असा ऐकणारा बसला असेल, तर वरच्या ओळींत थापा मारणं अवघड होतं.

पोस्टचं उलट असतं. ती फॉलोअर्सना उद्देशून असते, त्यामुळे रडण्यालाही नकळत चांगला अँगल शोधला जातो. साध्या डायरीत वेगळा धोका असतो. तिथे ऐकणारं कुणीच नसल्यामुळे त्याच दुःखाचा रवंथ सुरू होतो.

मराठीतही ही सोय आहेच. सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपूरच्या विठ्ठलाला उद्देशून शतकानुशतकं अभंग रचले गेले आणि 'तुका म्हणे' म्हणत तुकोबा स्वतःकडेच जरा लांबून पाहतात.

संशोधन काय सांगतं?

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातल्या जखमांबद्दल लिहायचं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत तुलनेने कमी राहिल्या. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्त उदास वाटत होतं, हे रील्समध्ये सहसा सांगत नाहीत. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा फायदा दिसला, मात्र छोटा. म्हणजे लेखन हे रामबाण औषध नाही.

दुसरा धागा इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. ताणाच्या प्रसंगी मनात 'मी' म्हणण्याऐवजी स्वतःला नावाने संबोधणाऱ्यांना भावना जास्त नीट सांभाळता आल्या. 'तुका म्हणे'ची आठवण होते ना? अंबिगर चौडय्यांनी तर अंकित म्हणून स्वतःचंच नाव वापरलं होतं.

आपण लिहायचं झालं तर?

दिवसातली एकच छोटी गोष्ट घ्या. 'आयुष्य' वगैरे नको. 'दुपारी आईचा फोन मुद्दाम उचलला नाही' एवढंच पुरे. प्रतिमा आपल्याच कामातली शोधा: शिलाई, डिलिव्हरीची बॅग, एक्सेल शीट, काहीही. सहा-सात ओळींत थांबा. आणि शेवटी एक नाव लिहा, ज्याच्यासमोर तुम्हाला खोटं बोलता येत नाही असं. देव मानत नसाल तर गेलेले आजोबा, जुन्या बाई, घरासमोरचा लिंब, कुणीही चालेल. हे नाव रोज बदलू नका. स्टोरीवर तर अजिबात टाकू नका.

लिहून मन जास्तच अंधारत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

वचनं वाचायची कुठे?

विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ताडपत्रांवरच्या पोथ्या धुंडाळून वचनं गोळा केली आणि १९२३ मध्ये 'वचनशास्त्रसार'चा पहिला भाग छापला. आज मराठीत अनुवाद मिळतात. पण सोलापुरात कित्येक घरांत अजून कन्नड बोललं जातं. घरात किंवा शेजारी अशी एखादी आजी असेल, तर अनुवादाआधी मूळ वचन तिच्याकडून म्हणवून घ्या आणि मग अर्थ विचारा.