शिक्षा संपते, शिक्का संपत नाही

प्रोबेशनचा इतिहास न्यायाधीशांच्या नावाने सांगितला जातो. सुरुवात केली ती बोस्टनच्या एका बूट शिवणाऱ्या कारागिराने. 1841 साली जॉन ऑगस्टसने कोर्टात एका दारुड्याला स्वतः जामीन राहून सोडवले. पगार नाही, पद नाही. पुढची अठरा वर्षे तो माणसे सोडवत राहिला, त्यांना काम शोधून देत राहिला. आकडा दोन हजारांच्या जवळ गेला.

त्यानंतर तीसच वर्षांनी, 1871 मध्ये, इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमाती कायदा आणला. माणूस सुधारण्याचा प्रश्नच नाही, कारण तो जन्मतःच गुन्हेगार! सोलापूरची सेटलमेंट तारेच्या कुंपणात गेली. 1952 ला कायदा गेला, पण सराईत गुन्हेगार कायद्यांनी तोच शिक्का पुन्हा मारला. तुरुंगात झाडू कुणाच्या हाती द्यायचा हेही जात पाहून ठरे. ते घटनाबाह्य ठरायला 3 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला.

निकाल लागला, सुटून आलेल्याला नोकरी कोण देणार? आमच्या वस्त्यांत विहारे आहेत, पदवीधर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. जयंतीच्या वर्गणीसाठी आम्ही महिनाभर दारोदार फिरतो. मग त्या पोराचे आधार कार्ड, बँक खाते, नोकरीचा अर्ज यांसाठी आठवड्यातला एक तास का निघत नाही? ऑगस्टसच्या मागे तर संघटनाही नव्हती.