‘अत्ता’ : एका शब्दाची साक्ष

शब्दसाधर्म्य हा इतिहाससंशोधनातील मोहक, पण तितकाच फसवा पुरावा आहे. दोन दूरच्या भाषांत एकच शब्द आढळला की त्या बोलणारे लोक एकाच मूळस्थानाहून निघाले असावेत, असा तर्क करण्याचा मोह होतो. हा पुरावा केव्हा ग्राह्य मानावा व केव्हा त्याज्य, याचा विचार ‘अत्ता’ या एका शब्दाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात आनातोलियात राज्य करणाऱ्या हित्ती लोकांच्या भाषेत ‘अत्तस्’ म्हणजे पिता. इ. स. च्या चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबलचे जे गॉथिक भाषांतर केले, त्यातही पित्याला ‘अत्ता’ हाच शब्द आहे. या दोन भाषा एका कुलातील होत. परंतु त्यांच्याशी कुलसंबंध नसलेल्या तुर्कीतही ‘आता’ म्हणजे पिता किंवा पूर्वज, आणि बास्कमध्ये ‘ऐता’ म्हणजे पिता. द्राविड भाषांत मात्र अर्थ पालटतो. तमिळ ‘अत्तै’, कन्नड ‘अत्ते’, तेलुगू ‘अत्त’ हे शब्द आत्या व सासू या नात्यांचे वाचक आहेत. पालीमध्ये तर ‘अत्ता’ म्हणजे आत्मा.

यांपैकी पाली शब्दाचा उलगडा सोपा आहे. तो ‘आत्मन्’पासून ध्वनिनियमांनुसार सिद्ध झालेला असून इतरांशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे. पितृवाचक शब्दांचे कारण निराळे. जॉर्ज पीटर मर्डॉक यांनी १९५९ साली जगातील भाषांतून आई व बाप यांचे वाचक असे १,०७२ शब्द एकत्र केले. रोमान याकोबसन यांनी त्यांचा अर्थ लावताना दाखविले की, मातृवाचक शब्दांपैकी सुमारे ५५ टक्क्यांत अनुनासिक व्यंजने येतात, तर पितृवाचकांत ती जेमतेम १५ टक्के आहेत. ओठांनी वा दातांनी उच्चारावयाची सुलभ व्यंजने तान्ह्या मुलाच्या तोंडी प्रथम येतात आणि वडीलधारी माणसे त्यांना नात्याचा अर्थ देतात. तेव्हा असे शब्द कोठेही स्वतंत्रपणे उद्भवू शकतात. त्यांवरून वंश किंवा स्थलांतर सिद्ध होत नाही.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आनातोलियातच सापडते. हित्ती साम्राज्य ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमारास लयास गेले. तुर्क तेथे आले ते इ. स. च्या अकराव्या शतकात. तरीही १९३० नंतरच्या दशकात तुर्कस्तानातील अधिकृत इतिहासाने हित्ती व सुमेरी यांना तुर्कवंशीय ठरविले. १९३३ साली ‘सुमेरबँक’ व १९३५ साली हित्तींच्या नावाची ‘एतिबँक’ स्थापन झाली. मधल्या वर्षी, १९३४ मध्ये, मुस्तफा केमाल यांना ‘आतातुर्क’ हे आडनाव मिळाले. ‘अत्तस्’ आणि ‘आता’ यांचे साम्य अशा वातावरणात किती सहज प्रमाण मानले गेले असते, हे सांगावयास नको.

मग मराठी ‘आत्या’ आणि कन्नड ‘अत्ते’ यांचे साम्यही असेच टाकाऊ समजावे काय? तसे म्हणता येत नाही. कारण येथे ध्वनीबरोबर नात्यांची रचनाही जुळते. हालाच्या ‘गाथासप्तशती’तील एका प्रसिद्ध गाथेत सून वाटसरूला ‘अत्ता’ कोठे निजते ते सांगते. तेथे ‘अत्ता’ म्हणजे सासू. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ही गाथा उदाहरणादाखल घेतली आहे. महाराष्ट्री प्राकृतातील सासू मराठीत बापाची बहीण कशी झाली, याचे उत्तर विवाहपद्धतीत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत आहे. अशा विवाहात वधूची आत्याच तिची सासू होते. आत्याच्या नवऱ्याला ‘मामा’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणण्याचा प्रघातही याच चौकटीत बसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘मातृष्वसा’पासून आलेली ‘मावशी’ मराठीने राखली. ‘पितृष्वसा’ मात्र सोडून दिली. मावशी आईसारखीच, म्हणून जुना शब्द चालला. आत्याचे स्थान मात्र दक्षिणेच्या पद्धतीने पालटले होते, म्हणून तेथे दक्षिणेचा शब्द रुजला. केवळ बालोच्चाराने एवढी व्यवस्था उत्पन्न होत नाही. तिच्यामागे दीर्घकाळचा शेजार व सोयरीक मानावी लागते.

सारांश, हित्ती ‘अत्तस्’ व तुर्की ‘आता’ यांचे साम्य अधिक ठळक असूनही इतिहासाच्या दृष्टीने मुके आहे. आणि ‘आत्या’ व ‘अत्ते’ यांचे बोलके. शब्दाचा नुसता ध्वनी साक्षीस पुरेसा नाही. ज्या समाजव्यवस्थेत तो वावरतो तिचीही जबानी संशोधकाने घेतली पाहिजे.